कवडूची चालायची परीक्षा

सदरा काढायला सांगितल्यावर तो जरा घुटमळला. मग काढला आणि डावी बाजू भिंतीकडे करून उभा राहिला. मी त्याला वळायला लावलं. पाठीवरच्या डाव्या खवाट्याखालून निघून काखेच्या खालून थेट छातीपर्यंत आलेला एक लांब व्रण होता. दोन्ही कडांना टाक्यांच्या बारीक खुणा.

त्या दिवशी दवाखान्यात वनरक्षकांच्या भरतीची तपासणी चालली होती. रांगेत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक उमेदवाराच्या अंगावर काही ना काही होतं. कोणाला अस्वलाने ओरबाडलेलं, कोणाच्या पायावर कुऱ्हाड निसटलेली. पण हा व्रण सरळ होता. तो सर्जनने केलेला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आपरेशन झालं जी. दिलाचं."

मी गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात एकटाच डॉक्टर होतो. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती, आणि चंद्रपूरला आम्ही सगळे चांदाच म्हणत असू. नागपूरहून शिकून येऊन मला फार काळ झाला नव्हता. हृदयाच्या ऑपरेशनबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. ऑपरेशन झालेला माणूस मात्र पाहिला नव्हता. तो असा धान पिकवणाऱ्या एका खेड्यातून चालत येऊन माझ्यापुढे उभा राहील हे तर मनातही आलं नव्हतं.

मी स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. हृदयाचे दोन ठोके नीट ऐकू येत होते. मधे कसलाही जादा आवाज नव्हता.

"नाव?"

"कवडू."

आमच्या भागात हे नाव बऱ्याचदा जगेल न जगेल अशा पोराला ठेवतात. त्याला मी बाजूला बसवलं, बाकीचे उमेदवार संपवले आणि मग त्याची हकीकत विचारली.

लहानपणापासून त्याला दम लागायचा. छातीवर हात ठेवला की आत काहीतरी गुरगुरतंय असं हाताला लागायचं. "माय म्हने, याच्या छातीत मांजर बसून हाये," तो म्हणाला. गावातली पोरं मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला जंगलात जायची तेव्हा हा घरी बसायचा. पुढे एका मिशनच्या दवाखान्यातल्या मडमेनं त्याला तपासलं आणि बल्लारशाहून मद्रासच्या गाडीत बसवून दक्षिणेतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तेव्हा तो वीस वर्षांचा असेल.

"तिथी कोणालेच माही भाषा समजे नाई," तो म्हणाला. "मी हात जोडो, ते हात जोडत. मंग एक दिवस त्यायनं मले झोपवलं. उठलो त मांजर गेलं होतं."

हे मांजर काय, ते सांगतो. आईच्या पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्यामुळे फुप्फुसाकडे जाणारं बरंचसं रक्त हृदयाजवळच्या एका छोट्या नळीतून परस्पर शरीराकडे वळतं. जन्मानंतर ही नळी काही दिवसांत आपोआप मिटते. क्वचित एखाद्याची मिटत नाही. मग उलटं होतं. शरीराकडे निघालेल्या रक्तातलं बरंचसं त्या नळीतून फुप्फुसात शिरतं आणि पुन्हा हृदयातच येतं. म्हणजे हृदयाला तेच रक्त परत परत ढकलावं लागतं. त्या नळीतून रक्त सतत धावत असतं म्हणून गुरगुर. आम्ही अशा जादा आवाजाला मर्मर म्हणतो. ऑपरेशन म्हणजे छाती उघडून ती नळी दोऱ्याने घट्ट बांधून टाकायची.

कवडूची नळी बांधलेली होती. मर्मर नव्हता. ब्लडप्रेशर नॉर्मल होतं. उघड्या नळीच्या माणसाचं खालचं प्रेशर फार उतरलेलं असतं, याचं नव्हतं. मी त्याला स्टुलावर चढउतार करायला लावलं. नाडी वाढली, आणि थोड्या वेळाने खाली आली. जरा सावकाश आली, पण आली.

"चालताना दम लागतो?"

"आता नाई लागत जी. पैले लागे."

नियमात लिहिलेलं होतं की हृदयविकार असलेला उमेदवार अनफिट धरावा. पण हृदयविकार असलेला की होऊन गेलेला? ज्याने नियम लिहिला त्याच्या डोक्यात असा माणूस आलेलाच नव्हता.

"वनरक्षकच का व्हायचं आहे तुला?" मी सहज विचारलं. "गावात शेती आहे ना?"

तो सदऱ्याची बटणं लावत राहिला. मग म्हणाला, "साहेब, सारं गाव जंगलात जाये तवा मी दारात बसून राहो. आता मले चालता येते. जंगलात चालाचीच नोकरी पाहिजे मले."

मी त्याला घेऊन चांद्याला गेलो. एक्स-रेचं मशीन तिथेच होतं. वैनगंगा ओलांडून, मूल गावावरून, धुळीने लाल होत आम्ही पोचलो. सिव्हिल सर्जन हे माझे वरिष्ठ. वयाने मोठे, कडक, थोडं बोलणारे. त्यांनी कवडूला स्वतः तपासलं, पाठीवरच्या व्रणावरून बोट फिरवून पाहिलं आणि "क्लीन काम आहे" एवढंच म्हणाले. मग ओली फिल्म उजेडात धरली.

"बघा."

हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्यात बसावी असा आमचा साधा ठोकताळा असतो. याची सावली चांगलीच बाहेर आली होती. डावीकडे फुगलेली.

"अनफिट लिहा," ते म्हणाले.

"सर, मर्मर नाही. प्रेशर नॉर्मल आहे. नळी बंद आहे. हृदय वाढलं ते आधीच्या वीस वर्षांत. आता ओझं उतरलंय, कदाचित कमी होईल."

"कदाचित."

"हो सर."

"ऑपरेशननंतर असा माणूस दहा वर्षांनी कसा असतो? वीस वर्षांनी?"

"माहीत नाही, सर."

"मलाही माहीत नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाही नसेल. हे ऑपरेशन होऊन म्हातारा झालेला माणूस अजून जगात असेल असं वाटत नाही. मग फिट कशाच्या जोरावर लिहिणार तुम्ही?"

मी दाराकडे पाहिलं. कवडू बाहेर बाकावर बसला होता. दारातून त्याचे पाय दिसत होते. साहेबांनीही बहुधा ते पाहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "वनरक्षकांची चालायची परीक्षा असते ना?"

असते. लांबचं अंतर ठरलेल्या वेळात चालून दाखवावं लागतं. धावायचं नाही, पण रेंगाळलं तर नापास.

"चालू द्या त्याला. तुम्ही जीपमधून मागे राहा. औषधं बरोबर ठेवा. तुम्ही थांब म्हणाल तिथे तो थांबेल, हे त्याला आधी सांगा. जिवाचा धोका आहे हेही सांगा. नंतर ठरवू."

मी सांगितलं. बसस्टँडवर, चहा पिता पिता, दोनदा सांगितलं. कवडूने सगळं ऐकून घेतलं.

"दम लागला की थांबायचं," मी म्हणालो.

"लागला त थांबीन जी."

परीक्षा थंडीतल्या एका सकाळी झाली. धानोऱ्याच्या रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. वनखात्याचा रेंजर, म्हणजे त्या भागाचा वनाधिकारी, जीप चालवत होता. गडी उमदा होता, पण त्याला हा प्रकार फारसा पसंत नव्हता. "डॉक्टरसाहेब, याले काई झालं त माह्या नावावर येईन," तो निघतानाच म्हणाला. कवडूची बायको शेवंता दवाखान्याच्या आवारात बसून राहिली होती. लग्न होऊन वर्षही झालं नसेल. नवऱ्याच्या दुपट्ट्याची गाठ तेवढी तिने नीट करून दिली.

सुरुवातीला कवडू मस्त चालला. दहा-बारा उमेदवारांच्या मधोमध होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेली बांध्यांची शेतं, त्यांत लाखोळीच्या डाळीचं हिरवं पीक, आणि पुढे जंगल. जंगल लागलं तसा तो मान वर करून झाडांकडे बघत चालू लागला. एकदा मागे वळून त्याने आमच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण चालताना माणूस इतका खूश असू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. रेंजरही जरा सैल झाला. "चालते गा बेटा," तो म्हणाला.

परतीच्या वळणाला मी त्याची नाडी पाहिली. जलद होती, पण नियमित. ओठ ठीक. मी त्याला पुढे जाऊ दिलं.

परतीच्या वाटेवर चढ लागतो. फार मोठा नाही, बैलगाडी सहज चढते. तिथे तो मागे पडायला लागला. बाकीचे पुढे निघून गेले. त्याने पावलं मोठी टाकली, पुन्हा जवळ गेला, पुन्हा मागे पडला. मग तो खोकला. एकदा खोकला, थोडं चालला, पुन्हा खोकला. मी रेंजरला जीप बाजूला घ्यायला सांगितलं आणि उतरलो.

"थांब कवडू."

तो थांबला नाही. "चालते जी, होते पुरा," म्हणाला. वाक्य दोन तुकड्यांत आलं.

"दम लागलाय तुला. थांब."

"हा दम नोहे जी. दम काय असते ते मले मालूम हाये."

मी त्याचा दंड धरला. थंडीत त्याचं अंग घामाने भिजलं होतं आणि ओठ जांभळट झाले होते. "काऊन थांबवता साहेब?" तो म्हणाला. "पडलो का मी?"

मी त्याला रस्त्यातच बसवलं आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला. खालच्या बाजूला दोन्हीकडे बारीक चरचर होती. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळली की जसा आवाज येतो तशी. फुप्फुसात पाणी उतरत असल्याची ती खूण. हृदय पुढे ढकलू शकत नाही तेवढं रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, आणि त्यातलं पाणी हवेच्या जागेत झिरपतं. माणूस कोरड्या रस्त्यावर बुडायला लागतो.

आम्ही त्याला उचलून जीपच्या मागच्या कडेवर बसवलं, पाय खाली सोडून. आडवा करायचा नव्हता. मी मॉर्फियाचं थोडं इंजेक्शन दिलं, त्यामागून लघवी होऊन पाणी उतरावं म्हणून दुसरं. ऑक्सिजन नव्हता. मग हातात उरला तो त्या काळचा एक उपाय. हातापायांवर पट्ट्या आवळायच्या, नाडी लागत राहील पण रक्त परत हृदयाकडे लवकर जाणार नाही इतपत. एका वेळी तीन ठिकाणी आवळायचं, एक मोकळं ठेवायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने आळीपाळीने बदलायचं. हृदयाला तेवढीच सवलत.

त्याचाच दुपट्टा, माझा मफलर आणि रेंजरचा पट्टा. आम्ही दोघं बांधत होतो, सोडत होतो. रेंजर एकदाही चुकला नाही. कवडू पुढे वाकून श्वास घेत होता. त्याचे डोळे माझ्यावर होते. मी त्याला सारखं काहीतरी सांगत होतो, काय ते आठवत नाही.

हळूहळू खोकला कमी झाला. ओठांचा रंग बदलला. मग त्याला लघवी झाली आणि मला इतकं हायसं वाटलं की मी रेंजरच्या खांद्यावर हात ठेवला. जीप अगदी सावकाश चालवत आम्ही परत आलो. शेवंता उठून उभी राहिली. तिने त्याला बसलेला पाहिला आणि ती पुन्हा खाली बसली.

दुसऱ्या दिवशी त्याची छाती साफ होती. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. मी बाजूला स्टूल घेतलं. शेवंता खाली जमिनीवर बसली होती.

"मंग ते आपरेशन फुकटच गेलं का जी?" तिने विचारलं.

"नाही बाई. ते झालं नसतं तर तो काल इतका चाललाच नसता. कदाचित तुमचं लग्नही झालं नसतं."

"मंग असं काऊन झालं?"

मी कवडूकडे बघून सांगितलं. "वीस वर्षं तुझ्या हृदयाने दुप्पट ओझं ओढलं. नळी बांधली तेव्हा ओझं उतरलं. पण तोवर ते ताणलं गेलं होतं. लहानपणी बांधली असती तर गोष्ट वेगळी होती. रोजच्या कामाला ते पुरतं. जास्त मागितलं की पुरत नाही."

कवडूने छातीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मले अर्धंच काऊन दुरुस्त केलं?"

या प्रश्नाला डॉक्टर म्हणून उत्तर होतं, ते माझं आत्ताच देऊन झालं होतं.

शेवंताच बोलली. खाली मान घालून, हळू. "मले वाटेच. बजाराले जातो त मी पुढं अन् हे मागं. लोक हासत, बाई पुढं अन् माणूस मागं. मी हळू चालो. तरी पुढंच."

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"हे म्हणत, मी बरा हावो. पैल्यापेक्षा बरेच त होते."

तो खोटं बोलत नव्हता. मी विचारलं तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं होतं. दारात बसून काढलेल्या वीस वर्षांच्या तुलनेत त्याला खरोखरच काही होत नव्हतं. निरोगी माणसाला काय वाटतं हे त्याला कधी कळलंच नव्हतं. मग तो मला कशाच्या मापाने सांगणार?

मी अनफिट लिहिलं. सिव्हिल सर्जनांना सगळं सविस्तर कळवलं आणि पुढच्या वेळी चांद्याला गेलो तेव्हा भेटलो. आपण आधीच सांगितलं होतं, असा एक शब्दही त्यांनी काढला नाही. याबद्दल मी त्यांना अजून मानतो. त्यांनी ती फिल्म पाकिटातून पुन्हा बाहेर काढली, पुन्हा पाहिली, आणि विचारलं, "त्याला आता काय काम मिळणार?"

ते काम रेंजरने शोधलं. वनखात्याची सागाची रोपवाटिका होती. सपाट जागा, विहीर जवळ. वाफ्यांत बी टाकायचं, रोपं सांभाळायची, गुरं हाकलायची. त्याने स्वतः कवडूच्या गावी जाऊन विचारलं. कवडू नाही म्हणाला. "बसाचं काम नाई पाहिजे मले." रेंजर परत आला आणि माझ्यावरच चिडला, जणू मीच नाही म्हणालो होतो.

उन्हाळ्यात कवडू पाय सुजले म्हणून दवाखान्यात आला. मी गोळ्या दिल्या, मीठ तोडायला सांगितलं. जाताना दारात थांबला. "ते वाफ्याचं काम हाये का अजून?" त्याने विचारलं. मी रेंजरकडे निरोप पाठवला.

पहिल्या वर्षी त्याचं त्या कामात मन नव्हतं, हे रेंजर मला सांगायचा. दुसऱ्या वर्षी लागवडीसाठी रोपं भरून नेली तेव्हा तो बैलगाडीत बसून बरोबर गेला आणि पुरा दिवस जंगलात खड्ड्याखड्ड्याशी उभा राहून रोपं लावून घेतली. त्यानंतर दर पावसाळ्यात जायचा. गाडीतून जायचा, गाडीतून यायचा. चालण्यावरून तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

मी तिथे होतो तोवर दर वर्षी त्याला तपासत असे. हृदयाची सावली थोडी कमी झाली, पण पुरती नॉर्मल कधी झाली नाही. त्याला मुलगी झाली. मी घाबरून तिच्या छातीवर पुन्हा पुन्हा स्टेथोस्कोप ठेवला. तिचं हृदय चांगलं होतं. पुढे माझी बदली झाली. चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्यात छातीचा ताप येऊन कवडू गेल्याचं मला त्या रेंजरकडून कळलं, तेव्हा रेंजर रिटायर झाला होता. ज्या माणसाला दहा वर्षांनी काय होईल हे सांगता येत नाही असं आम्ही त्या एक्स-रेसमोर उभं राहून बोललो होतो, तो त्यानंतर वीसएक वर्षं जगला, कामावर राहिला आणि मुलीचं लग्न करून गेला. तो ज्या नोकरीसाठी आला होता ती मात्र त्याला मिळाली नाही.

आता ही ऑपरेशनं लहान मुलांची होतात आणि मुलं मोठी होऊन नोकरीच्या, लग्नाच्या सर्टिफिकेटसाठी येतात. बहुतेकांची हृदयं चांगली चालतात. काहींची दिसतात तेवढी चालत नाहीत, आणि ते स्टेथोस्कोपला कळत नाही. कसं वाटतं असं मी त्यांना विचारतो, पण त्या उत्तरावर फार विसंबत नाही. सगळे छान वाटतं म्हणतात आणि सगळे खरं बोलतात. बरोबर आलेल्या माणसाकडे वळून मी विचारतो, तुम्ही दोघं बाजारात जाता तेव्हा मागे कोण राहतं? मग ट्रेडमिलवर चालवून पाहतो. सही त्यानंतर.